काडीमोड झाली, पण लेकराचं काय?

श्रोतेहो, नवरा-बायको वेगळे झाले, याला आपल्याकडे शब्द किती आहेत! काडीमोड म्हणा, सोडचिठ्ठी म्हणा, फारकत म्हणा. पण त्यानंतर लेकरानं आईकडे किती दिवस राहायचं आणि बापाकडे किती, याला मात्र गावात शब्द सापडत नाही. ‘पोर बापाचं’ एवढं म्हणून पंच मोकळे व्हायचे. नाही तर आई लेकराला कडेवर घेऊन माहेरी यायची आणि बापाचं तोंड त्याला पुन्हा दिसायचं नाही.

कोर्टात या गोष्टीला ‘ताबा’ म्हणतात. शब्द जमिनीचा आहे, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. जमिनीचा ताबा मिळाला की कुंपण घालता येतं. पोराभोवती ते घालता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७३ साली रोझी जेकब यांच्या खटल्यात स्पष्टच सांगितलं, की मुलं ही आईबापांची चीजवस्तू नव्हे. त्याच निकालात आणखी एक कामाची गोष्ट आहे. ताब्याचा हुकूम हा कायमचा शिक्का नसतो. परिस्थिती पालटली की तो बदलून मागता येतो.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. १८९० चा पालक व पाल्य कायदा सगळ्याच धर्मांच्या मुलांसाठी वापरला जातो. हिंदूंसाठी शिवाय १९५६ चा कायदा आहे. त्यात बाप हा पहिला नैसर्गिक पालक आणि त्याच्यानंतर आई असं लिहिलेलं आहे. पण पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईजवळ असावं, असंही आहे. लोक एवढंच ऐकतात आणि समजतात, की पाच वर्षं भरली की मूल आपोआप बापाकडे जातं. तसं नाही हो! त्याच कायद्यात पुढं म्हटलं आहे, की सगळ्यात आधी पाहायचं ते मुलाचं हित. मूल जाणतं असेल तर न्यायाधीश त्याचंही म्हणणं विचारात घेऊ शकतात.

आता ‘बापानंतर आई’ म्हणजे बाप वारल्यावरच का? याचं उत्तर एका शेतजमिनीच्या खटल्यानं दिलं. जिजाबाई गजरे ही तेव्हा अज्ञान मुलगी. आईबापांचं बिनसलेलं, आई वीस वर्षांवर वेगळी राहत होती. बाप जिवंत होता, पण लेकीकडे बघत नव्हता. मुलीचा सारा कारभार आईच पाही. तिनंच मुलीची जमीन कसायला दिली, आणि वाद कोर्टात गेला, की बाप हयात असताना तिला हा अधिकार होता का? सर्वोच्च न्यायालयानं १९७० साली ‘होता’ असा निकाल दिला. पुढं १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात न्यायालयानं ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ ‘बापाच्या गैरहजेरीत’ असा लावला. आणि बाप मुलाकडे लक्षच देत नसेल, तर तीही गैरहजेरीच.

हे झालं पालकत्वाचं. रोजच्या जगण्याचं काय? समजा, बाप कोथरूडला भाड्याच्या खोलीत राहतो आणि आई लेकराला घेऊन पौडजवळच्या गावी माहेरी आली आहे. पोर तिथल्याच शाळेत जातं. दोघांमध्ये पौड रस्ता. हुकुमात नुसतं ‘बापाला भेटू द्यावे’ असं लिहिलं, की दर शनिवारी भांडण ठरलेलं! कधी, कुठं, कोण आणून सोडणार, बसचं भाडं कुणाचं, परत किती वाजता, हे सगळं कागदावर हवं. एकाआड एक शनिवार-रविवार, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी, यंदा पाडवा इकडे तर पुढच्या वर्षी तिकडे, आणि ठरल्या वेळी फोन. फोनवर आणि व्हिडिओवर बोलू देण्याची गोष्ट २०२० साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगितली आहे.

सारखी वाटणी का नको, असं कुणी विचारील. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०१३ साली एका मुलाला जानेवारी ते जून बापाकडे आणि जुलै ते डिसेंबर आईकडे राहायला सांगितलं होतं. विधी आयोगानंही २०१५ साली दोघांच्या संयुक्त ताब्याची शिफारस केली. विचार चांगला आहे. पण माझ्या मते, कोथरूड आणि पौड यांमध्ये तो जमायचा नाही. दर सहा महिन्यांनी शाळा बदलायची म्हणजे वाटणी आईबापांची बरोबर झाली, पोराची नाही. घरं एका शाळेच्या टापूत असतील, तर मात्र जरूर करून पाहावं.

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती आहे. मधल्या सुट्टीत बाप फाटकाशी येतो, ‘पोराला नेतो’ म्हणतो. अशा वेळी तर्क करू नका. हुकुमाची प्रत मागा आणि ती शाळेत ठेवा. पण प्रगतिपुस्तक बापानं पाहायला मागितलं, तर हुकुमात मनाई नसताना ते दाखवायला हरकत नसावी. आणि वर्गात ‘तुझे बाबा कुठं असतात रे?’ असं चारचौघांत विचारू नका. पोर त्या दिवशी डबासुद्धा खात नाही.

पोटगीचीही एक गाठ लोक उगीच मारतात. पोटगी थकली म्हणून भेट बंद, भेट नाही म्हणून पोटगी बंद! ही दोन कामं वेगळी आहेत, त्यांचे अर्जही वेगळे. पोटगी खाण्यापिण्याची, शाळेची. ती अडली तर उपास पोरालाच.

पुणे शहरातल्यांसाठी कौटुंबिक न्यायालय शिवाजीनगरला आहे. तिथं समुपदेशक दोघांना समोरासमोर बसवतात, आणि पुष्कळदा भेटीचं वेळापत्रक तिथंच ठरतं. शहराबाहेर राहणाऱ्या मुलाच्या ताब्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी घरी बसू नये. १९८७ च्या कायद्यानं बाईला आणि मुलाला, मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीची चौकशी करावी. जाताना लग्नाचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधीचा काही हुकूम असेल तर त्याची प्रत, एवढं पिशवीत घेऊन जावं.