कळ एक, क्रमांक अनेक

संगणकाच्या कळफलकावर ‘ए’ हे अक्षर छापलेले असते. परंतु ती कळ दाबली असता संगणकाकडे अक्षर जात नाही, जातो तो केवळ एक क्रमांक. त्याचा अर्थ पुढे निरनिराळ्या आज्ञावली लावतात. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे कळफलकाच्या पुष्कळशा तक्रारींचा उलगडा होतो.

एका संगणकावर दुसऱ्या, बहुधा जुन्या, संगणकाचे सोंग वठविणाऱ्या आज्ञावलीस ‘एम्युलेटर’ म्हणतात. लिनक्सवर चालणारा ‘डॉसबॉक्स’ हा त्यांपैकी एक होय. डॉस ही कार्यप्रणाली मागे पडली, तरी तिच्यासाठी रचलेले अनेक खेळ व इतर आज्ञावली त्याच्या योगाने आजही चालविता येतात. मात्र कळफलकाने साथ दिली नाही, तर हा ठेवा डोळ्यांसमोर असूनही हाती लागत नाही.

क्रमांकाचा प्रवास

दाबलेल्या कळीस प्रथम लिनक्सचा गाभा एक क्रमांक देतो. पडद्यावरील खिडक्यांना आधार देणारी ‘एक्स’ ही प्रणाली त्यास आपला क्रमांक देते. शेवटी डॉसबॉक्स त्यावरून डॉसला कळेल असा संकेत तयार करतो. यांपैकी दोघांच्या सूची जुळल्या नाहीत की घोटाळा होतो.

असा घोटाळा २००८ च्या सुमारास अनेकांच्या अनुभवास आला. एक्समध्ये तेव्हा ‘इव्हडेव्ह’ ही नवी पद्धत रूढ होऊ लागली. लिनक्सच्या क्रमांकात ८ मिळवावयाचे, हा तिचा नियम. ‘ए’ चा क्रमांक ३०, म्हणून एक्समध्ये ३८. जुन्या पद्धतीतही तो ३८ च होता. वरच्या बाणाचा क्रमांक मात्र १०३ असल्याने नव्या पद्धतीत १११ झाला. जुन्या पद्धतीत तो ९८ होता आणि १११ हा क्रमांक ‘प्रिंट स्क्रीन’ या कळीचा होता! परिणामी, जुनी सूची बाळगणाऱ्या आज्ञावलीत अक्षरे बिनचूक उमटत, पण बाण भलतेच काम करीत.

अक्षरे का बचावली? १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कळफलकावर ८३ कळा होत्या. त्यांचे क्रमांक लिनक्सने तसेच ठेवले. बाणांच्या स्वतंत्र कळा नंतर आल्या. त्यांना प्रत्येक प्रणालीने आपापले क्रमांक दिले.

दोष कसा शोधावा?

प्रथम तीच कळ दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीत दाबून पाहावी. तेथेही ती चालत नसेल, तर दोष डॉसबॉक्सचा नव्हे. नंतर ‘एक्सइव्ही’ ही छोटी आज्ञावली चालवून कळ दाबावी; ती कळीचा क्रमांक व नाव दाखविते. वरच्या बाणास १११ व ‘अप’ असे उत्तर आले, तर तेथपर्यंत सर्व ठीक आहे, असे समजावे. मग जुन्या डॉसबॉक्सच्या मांडणी-फाइलीत ‘यूजस्कॅनकोड्स’ पुढे ‘फॉल्स’ लिहावे, म्हणजे तो क्रमांकाऐवजी कळीचे नाव प्रमाण मानतो.

अक्षरे बरोबर, पण चिन्हे चुकीची येत असतील, तर दोष मांडणीचा असतो. शिफ्टसह २ ही कळ अमेरिकी मांडणीत ‘@’ देते, तर ब्रिटिश मांडणीत दुहेरी अवतरणचिन्ह. डॉसबॉक्समधील ‘कीब’ या आज्ञेने मांडणी बदलता येते. ‘ऑल्ट’ व ‘टॅब’ यांसारखी जोडी मात्र पुष्कळदा लिनक्सचा पडदाच स्वतःकडे ठेवून घेतो. ती एम्युलेटरपर्यंत पोहोचतच नाही.

एका वेळी एकच बदल करावा व लगेच पडताळून पाहावा. असे केल्यास दोष नेमका कोठे होता हे कळते, आणि चांगला कळफलक विनाकारण टाकून देण्याची वेळ येत नाही.