डोळ्याची कड

ताम्हिणीच्या वाटेवर मुळशी धरणाच्या काठी थांबा. पलीकडच्या डोंगरातल्या एका झाडावर नजर रोखा आणि हलवू नका. कडेने घार गेली तर काहीतरी उडालं एवढं कळतं. घार की कावळा, ते सांगता येत नाही. अगदी स्वच्छ दिसणारा तुकडा हात लांब धरल्यावर अंगठ्याच्या नखाएवढाच, जेमतेम २ अंशांचा. दोन्ही डोळ्यांचा आडवा पल्ला मात्र १८० अंशांच्याही पुढे जातो.

हे कसं जमतं? सोबतच्या माणसाच्या खांद्याशेजारी, कानाच्या रेषेत उभं राहून त्याचा डोळा बघा. बाहुली उभ्या, अरुंद फटीसारखी दिसेल, पण दिसेल. बुबुळावरचा फुगीर पारदर्शक पडदा बाजूचा उजेडही वाकवून आत घेतो. असा तिरका किरण मात्र नीट जुळत नाही. ठिपक्याची रेघ होते. डोळ्याच्या मागच्या बाजूचा आतला पडदा, जिथे प्रतिमा उमटते, सुमारे १२ मिलिमीटर त्रिज्येच्या वाटीसारखा वाकलेला आहे, म्हणून ही खराबी बरीच आवरली जाते. कॅमेऱ्याच्या सपाट फिल्मला ही सोय नव्हती.

गणित मात्र बराच काळ मधल्या तुकड्याचंच झालं. १९११ चं नोबेल मिळवणारे स्वीडनचे अल्वार गुलस्ट्रँड यांचं डोळ्याचं प्रसिद्ध प्रारूप अक्षालगतच्या किरणांसाठी होतं. कडेपर्यंतच्या दोषांशी ताळा जमवणारं प्रारूप एस्कुदेरो-सान्स आणि नाव्हारो यांनी १९९९ मध्ये मांडलं.

आईवडिलांनी याची दखल घ्यावी, कारण कड फक्त बघत नाही, डोळ्याच्या वाढीवरही परिणाम करते. मायनस नंबरचा डोळा मागे लांबतो. साध्या चष्म्याने मध्यभागी प्रतिमा पडद्यावर येते, कडेला मात्र ती अनेकदा पडद्याच्या मागे पडते. अर्ल स्मिथ यांच्या गटाने २००५ मध्ये माकडांवर दाखवलं की, मध्य स्वच्छ असूनही नुसती कड धूसर केली तर डोळा लांबतो. मध्याभोवती बारीक भिंगं पेरलेले चष्मे याच विचारातून आले. हाँगकाँगमधल्या दोन वर्षांच्या चाचणीत त्यांनी मुलांचा नंबर वाढण्याचा वेग निम्म्यावर आणला.

त्याहून स्वस्त उपाय मोकळ्या हवेचा. त्यात उजेडाचा वाटा किती आणि दूरच्या दृश्याचा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. पण चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं, तेव्हा तीन वर्षांत ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला. इतर शाळांत ३९.५ टक्के. रविवारी मुलांना मुळशीला जरूर न्या, पण सोमवार ते शनिवार ती ४० मिनिटं घराजवळच्या मैदानावर मिळू द्या.