गांजा, हेंप, अंबाडी आणि ताग : बी टाकण्याआधी ओळख आणि कायदा

कापूस आणि सोयाबीनचे भाव पडले की पारावर एक विषय हमखास निघतो : "एवढे राबण्यापेक्षा डोंगरात गांजाची दहा-वीस झाडे लावलेली बरी." मोबाइलवर 'हेंप शेती'चे आणि जंगलात मोकळ्यावर पहिल्यांदाच लागवड करणाऱ्यांचे व्हिडिओ फिरतात, त्यामुळे या बोलण्याला जोर येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने तर दोन एकरांवर गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागितली होती. शेतमालाला भाव नाही, हे त्याचे कारण होते. परवानगी मिळाली नाही. पण तो प्रश्न अनेकांच्या मनात आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घेऊ.

आधी ओळख : 'हेंप' नावाची तीन वेगळी झाडे

इंग्रजी नावामुळे गोंधळ होतो. खालील तीन पिके एकमेकांची नातेवाईक नाहीत.

१. गांजा किंवा भांग (कॅनाबिस) : पान हाताच्या पंजासारखे, त्यात सहसा ५ ते ९ अरुंद पात्या, कडा करवतीसारख्या. नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी. फुलांना रंगीत पाकळ्या नसतात. वास उग्र.

२. अंबाडी (हिबिस्कस कॅनॅबिनस) : ही आपली भाजीची आणि वाखाची अंबाडी, भेंडीच्या कुळातली. हिला 'दख्खनी हेंप' म्हणतात. पान गांजासारखे दिसते म्हणूनच शास्त्रीय नावात 'कॅनॅबिनस' आले. फूल मोठे, फिकट पिवळे, मध्यभागी गडद जांभळट. पानाची चव आंबट. लागवड पूर्णपणे कायदेशीर.

३. ताग (क्रोटालारिया जुन्शिया) : याला 'सन हेंप' म्हणतात. साधे लांबट पान, पिवळे फूल, वाळल्यावर खुळखुळ वाजणाऱ्या शेंगा. हिरवळीचे खत आणि धाग्यासाठी कायदेशीर पीक.

बियाणे विकत घेताना पाकिटावर नुसते 'हेंप' लिहिले असेल तर थांबा. ताग आहे, अंबाडी आहे की कॅनाबिस, हे पक्के झाल्याशिवाय पेरू नका. पावतीवर पिकाचे मराठी नाव आणि जात लिहून घ्या.

कायदा काय सांगतो?

अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा (एनडीपीएस) १९८५ चा असून १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू आहे. शेतकऱ्याच्या कामाची कलमे अशी :

• कलम ८ : परवान्याशिवाय कॅनाबिसची लागवड करण्यास मनाई.
• कलम २० (अ) : लागवडीसाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड. ही शिक्षा लागवडीची आहे, वजनाची नाही. 'चारच झाडे होती' या सबबीने गुन्हा संपत नाही.
• गांजा जवळ सापडला तर शिक्षा वजनावर ठरते. १ किलोपर्यंत अल्प प्रमाण, २० किलोपेक्षा जास्त म्हणजे व्यापारी प्रमाण. व्यापारी प्रमाणाला किमान १० आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरी, शिवाय १ ते २ लाख रुपये दंड.
• कलम २५ : जमिनीचा मालक किंवा ताबेदार याने जाणूनबुजून जागा वापरू दिली, तर त्यालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा.
• कलम ५४ : आपण कसलेल्या जमिनीवर हे झाड उभे दिसले आणि त्याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर न्यायालय आपल्याविरुद्ध गृहीत धरू शकते.

"आमचे बी कमी नशेचे आहे" : हे खरे आहे का?

नशा आणणाऱ्या घटकाला टीएचसी म्हणतात. उत्तराखंडात टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत असलेल्या औद्योगिक हेंपला परवाना देऊन लागवड सुरू झाली. हिमाचल प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणी येथील विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. कायद्याचे कलम १० आणि १४ सरकारला अशी परवानगी देण्याचा अधिकार देतात. पण तो अधिकार सरकारचा आहे, बियाणे विकणाऱ्या कंपनीचा नाही.

केंद्रीय कायद्यात 'कॅनाबिस वनस्पती'ची व्याख्या संपूर्ण वंशाची आहे. त्यात टीएचसी कमी की जास्त असा भेद नाही. म्हणून परवाना नसेल तर कमी नशेचे झाडही गुन्ह्यातच येते. महाराष्ट्रात सर्वसाधारण शेतकऱ्याला अर्ज करून असा परवाना मिळेल अशी खुली योजना नाही.

हेंपच्या बिया, त्यांचे तेल आणि पीठ अन्न म्हणून विकायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये मान्यता दिली. म्हणजे बी खाणे वेगळे आणि तेच बी पेरणे वेगळे. पेरले की ती लागवड झाली.

जंगलात लावले तर आपले नाव येणार नाही?

हा समज सर्वात घातक. राखीव वनात लागवडीसाठी जमीन मोकळी करणे किंवा फोडणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्यासारख्या क्षेत्रात वन्यजीव संरक्षण कायदाही लागतो. म्हणजे एका गुन्ह्याचे दोन-तीन गुन्हे होतात. बालाघाटाच्या डोंगरात माणसांचा राबता कमी नाही : गुराखी, सीताफळे गोळा करणारे, वनरक्षक. रोज त्याच वाटेने कोण जाते, हे गावात लपत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या

बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि कित्येक महिने गावाबाहेर असतात. त्या काळात शेत भाऊबंदाकडे, बटईदाराकडे किंवा नुसते पडून असते. कोणी येऊन "जमीन द्या, काय लावतो ते विचारू नका, रोख पैसे घ्या" म्हणाले, तर तो व्यवहार नाकारा. पैसा त्याचा, पण सातबारा तुमचा. झाडे सापडल्यावर पोलीस आधी सातबाऱ्यावरच्या नावाकडे येतात.

जाण्याआधी एवढे करा :

• बटई तोंडी ठेवू नका. साध्या कागदावर का होईना, पीक कोणते, मुदत किती, हे लिहून दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या.
• ई-पीक पाहणीत शेतात उभ्या असलेल्या पिकाचीच नोंद करा.
• घरातल्या किंवा विश्वासातल्या एकाला महिन्यातून एकदा बांध फिरून यायला सांगा. तुरीत किंवा कपाशीत आत शिरून पाहायला सांगा.

शेतात झाड दिसले तर काय करावे?

कलम ४६ नुसार आपल्या जमिनीत बेकायदा लागवड आहे हे कळल्यावर तात्काळ माहिती देणे जमीनधारकाचे कर्तव्य आहे. जाणूनबुजून माहिती न देणे शिक्षेस पात्र आहे.

१. झाड उपटू नका, जाळू नका, घरी आणू नका. उपटून आणले की ते तुमच्या ताब्यात आले.
२. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा ११२ वर कळवा. अमली पदार्थांसाठी १९३३ हा 'मानस' राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे.
३. अर्ज लेखी द्या आणि पोहोच घ्या. हीच पोहोच पुढे तुमचा आधार.

कृषी सहायक, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि सरपंच यांनीही लक्षात ठेवावे : कलम ४७ प्रमाणे अशी लागवड माहीत झाल्यावर तात्काळ कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे. 'शेतकऱ्याचे नुकसान नको' म्हणून गप्प बसणे दोघांनाही अडचणीत आणते. पेरणीआधीच्या सभेत हे सांगितले तर पुढची वेळ येत नाही.

भाव जास्त दिसतो, पण हातात काय राहते?

गांजाचा भाव चढा असतो कारण त्यात तुरुंगाची जोखीम मिसळलेली असते. ही जोखीम उत्पादकाच्या वाट्याला येते, नफ्याचा मोठा भाग पुढच्या दलालाकडे जातो. या मालाला बाजार समितीची पट्टी नाही, पीक विमा नाही, पीक कर्ज नाही. पैसे बुडाले तर तक्रार कुठे करणार? आणि घरातला कर्ता माणूस आत गेला तर वकिलाच्या फीपुरती का होईना, जमीन विकायची वेळ येते.

त्याच मुरमाड उतारावर काय लावता येईल?

ज्या हलक्या जमिनीसाठी हा विचार येतो, तिथे बालाघाटाचे खरे पीक सीताफळ आहे. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. अंबाजोगाईला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र असून 'धारूर-६' हा वाण याच भागातला आहे.

• अंतर ५ × ५ मीटर, हेक्टरी ४०० झाडे. पावसाळ्याच्या सुरुवातीला लागवड.
• शेळ्या या झाडाला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाचा खर्च कमी.
• पहिली तीन वर्षे ओळींमध्ये मूग, उडीद, मटकी किंवा हुलगा घ्या. बांधाला अंबाडी लावा.
• फळ तोडल्यावर काही दिवसांतच पिकते. लागवडीआधीच बाजार किंवा गर काढणारा उद्योग शोधून ठेवा.
• पिठ्या ढेकणावर सुरुवातीपासून लक्ष ठेवा.
• भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेसाठी कृषी सहायकाकडे चौकशी करा.

सीताफळ पहिल्या वर्षी पैसा देत नाही, हे खरे. पण ते उघड्यावर लावता येते, सातबाऱ्यावर नोंदवता येते, त्यावर कर्ज मागता येते आणि बाजारात पावती घेऊन विकता येते. कोणत्याही नव्या पिकाचे बी टाकण्याआधी एवढेच तपासा : याची नोंद सातबाऱ्यावर करता येईल का? उत्तर 'नाही' असेल, तर ते बी आपल्या रानात टाकू नका. शंका असल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचारा.