पत्रिकेआधी एक थेंब रक्त

"काकू, मला काही झालंच नाही तं मी टेस्ट काहून करू?"

नागपुरातल्या एका महाविद्यालयात सिकलसेल तपासणीचं शिबिर होतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, चांगली ठणठणीत मुलगी मला हे विचारत होती. मी नेहमीचं भाषण सुरू करणार, एवढ्यात टेबलापलीकडे बसलेली राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेविका उठली. तिच्याच वर्गातली असावी. म्हणाली, "अगं, मी पण धडधाकटच आहे. तरी केली. दोन मिनिटं लागतात, चल." दोघी हातात हात घालून आत गेल्या. माझं भाषण तोंडातच राहिलं.

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला पटलं, की आरोग्याच्या काही गोष्टी आईने, काकूने किंवा मॅडमने सांगून उपयोग नसतो. त्या बरोबरीच्याच मुलीने सांगाव्या लागतात.

महाविद्यालयांत ही कल्पना नवी नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिचा स्वयंसेवक दोन वर्षांत २४० तास सेवा देतो. १९९१मध्ये याच योजनेने विद्यापीठांतून एड्सबद्दल मोकळं बोलायला सुरुवात केली, तेव्हा हा शब्द घरात उच्चारायचीही चोरी होती. पुढे महाविद्यालयांत रेड रिबन क्लब आले. २०१४मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातही गावागावांतली मुलं-मुलीच आपल्या सोबत्यांशी बोलतात. पण तो कार्यक्रम दहा ते एकोणीस वयाचा. त्यापुढची, म्हणजे नेमकी लग्नाच्या उंबरठ्यावरची मुलं महाविद्यालयातच भेटतात. आणि आपल्या विदर्भात या वयाला सांगायचीच गोष्ट म्हणजे सिकलसेल.

सिकलसेल म्हणजे काय? आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर तुटतात. मग सांधे, हाडं असह्य दुखतात, डोळे पिवळे दिसतात, रक्त कमी होतं, वारंवार इन्फेक्शन होतं. अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उसळतं. आपल्या नागपूरचं मे महिन्यातलं ऊन आठवा, म्हणजे या मुलांचे हाल लक्षात येतील. होस्टेलवरची एखादी मुलगी पाय दुखतात म्हणून रात्रभर रडते आणि सगळ्या म्हणतात, "नाटकं करून राहिली!" ती नाटकं नसतात.

आपल्या भागात हा आजार असल्याचं डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी नागपुरातूनच १९५८मध्ये जगासमोर मांडलं. त्याला आता साठ वर्षं उलटून गेली. याच शहरातले संपत रामटेके यांनी आपल्या मुलाला हा आजार असल्याचं कळल्यावर हार न मानता सिकलसेलग्रस्तांसाठी संस्था उभी केली. २०१८मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश झाला. १ जुलै २०२३ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट आहे.

आता खरी मेख. आजारी माणूस ओळखू येतो, पण 'वाहक' ओळखू येत नाही. वाहकाला काहीही त्रास नसतो, औषधही लागत नाही. तो फक्त आई किंवा वडिलांकडून आलेला एक दोष सोबत घेऊन फिरतो. दोन वाहकांचं लग्न झालं, की मात्र प्रश्न उभा राहतो.

हे गणित मुलं फार सोपं करून सांगतात. दोन वाट्या घ्यायच्या, एक आईची, एक बाबांची. प्रत्येक वाटीत एक लाल आणि एक पांढरा मणी. डोळे मिटून दोन्हींतून एकेक मणी उचलायचा. दोन्ही लाल आले तर बाळाला आजार. एक लाल, एक पांढरा आला तर बाळ वाहक. दोन्ही पांढरे आले तर बाळ मोकळं. म्हणजे आजाराची शक्यता चारात एक. आणि मणी परत वाटीत टाकून हेच दर बाळंतपणाला! "पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन सुटली," असं आपल्याकडे बायका म्हणतात, ते साफ चूक आहे. हे मी दहा वेळा सांगून जे कळलं नसतं, ते मण्यांनी पाच मिनिटांत कळतं.

तपासणीही सोपी. बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी टेस्ट करतात. द्रावण गढूळ झालं, तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. तपासणी करावीच लागते, कारण वाहक की आजारी हे पहिल्या टेस्टमध्ये कळत नाही. रक्त काढायचं काम तंत्रज्ञाचं. मुलांचं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं. तेच अवघड आहे.

नंतरचं काम किती अवघड, ते आम्ही चुकून शिकलो. एका महाविद्यालयात उत्साहाच्या भरात 'पुढील तपासणीसाठी यावे' म्हणून रोल नंबरांची यादी नोटीस बोर्डावर लागली. नावं नव्हती, पण वर्गात रोल नंबर कोणाला माहीत नसतो? दुसऱ्या दिवसापासून एक मुलगी कॉलेजला यायचीच बंद झाली. मी तिच्या घरी गेले. आई दारातच म्हणाली, "ताई, पोरीचं लग्न जमून राहिलं होतं. आता कोण विचारेल?" मला उत्तर सुचलं नाही. चांगलं करायला गेलो आणि एका घराची झोप उडवून आलो होतो.

मार्ग काढला तो मुलांनीच. यादी बंद. रिपोर्ट बंद पाकिटात, ज्याचा त्याच्याच हातात. समजावून सांगायला एक मुलगा, एक मुलगी. ज्याला ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोलावं. आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, ही पहिली अट. त्या मुलीकडेही दोघी मैत्रिणी महिनाभर जात राहिल्या. वाहक असणं म्हणजे आजार नव्हे, वाहकाने लग्नच करू नये असंही नाही, समोरच्याचीही तपासणी झालेली असावी एवढंच, हे त्या आईला सांगत राहिल्या. मुलगी परत आली. आज ती लग्न करून संसारात आहे.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. हा आजार आपल्याकडे अनुसूचित जाती, जमाती आणि काही इतर मागासवर्गीय समाजांत जास्त आढळतो. म्हणून "हा त्यांचा आजार" असं म्हणून नाक मुरडणारेही भेटतात. रक्ताला जात कळत नाही, बायांनो! जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाचं थैमान होतं, तिथे हा दोष टिकला, कारण वाहकांचा मलेरियापासून थोडाफार बचाव होत असे. आफ्रिकेत, अरब देशांत, ग्रीसमध्येही तो आहे.

आणि तपासणीला पुढे कोण येतं? मुली. मुलं टेबलाजवळून हसत निघून जातात. स्थळ बघताना कार्ड मागितलं जातं तेही मुलीचंच. दोष मात्र दोघांकडून येतो, मग तपासणी एकीचीच काहून? हा प्रश्न एका स्वयंसेवक मुलाने मला सरळ विचारला, "काकू, तुम्ही एवढं सांगता, तुमच्या पोराची केली का?"

मी गप्प झाले. खरंच, केली नव्हती. दुसऱ्यांच्या लेकीबाळींना सांगत फिरले आणि घरातल्या लेकाला विसरले. पुढच्या रविवारी त्याला घेऊन गेले. रिपोर्ट काय आला, ते इथे लिहिणार नाही. रिपोर्ट ज्याचा त्याचा, हे या मुलांनीच मला शिकवलंय.

तुमच्या घरात लग्नाच्या वयाचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर पत्रिका काढायच्या आधी दोघांच्या रक्ताचा एक थेंब तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात विचारा. आणि शेजारच्या कॉलेजमध्ये असं टेबल मांडून बसलेली पोरं दिसली, तर त्यांना पाण्याचा ग्लास तेवढा नक्की द्या. आपल्याला जे जमलं नाही, ते ती करताहेत.