बशीमागच्या तलवारी

गेल्या वर्षी मालाडच्या ऑर्लेम भागात राहणारी एक विद्यार्थिनी जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक बशी घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आली. कडेला सोनेरी पट्टी, मध्ये गुलाबाची फुले, पाठीवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी. ती म्हणाली, "सर, ही मायसेनची आहे. अडीचशे वर्षांची. आजी ती विकून दादाची फी भरणार आहे."

विद्यार्थिमित्रांनो, शतकानुशतके युरोप पोर्सेलीनसाठी चीन-जपानवर अवलंबून होता. अखेर १७१० साली जर्मनीतील मायसेन येथे खऱ्या, कठीण पोर्सेलीनचा युरोपातला पहिला कारखाना निघाला. तलवारी ही त्याची खूण. पण तिची नक्कल इतक्यांनी केली आहे की केवळ तिच्यावरून बशी ओळखणे म्हणजे पाटी वाचून माणूस ओळखण्यासारखे आहे. म्हणून आम्ही तलवारी बाजूला ठेवल्या आणि आधी बशीलाच प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न प्रकाशाचा. बशीमागे विजेरी धरली तेव्हा पुढे ठेवलेल्या बोटांची सावली उजेडात स्पष्ट दिसली. साध्या चिनीमातीच्या बशीत असे होत नाही. तिच्यात हवेची असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. हवेचा अपवर्तनांक १, काचमय पदार्थाचा सुमारे १.५. या फरकामुळे प्रत्येक छिद्रापाशी प्रकाश विखुरतो व बराचसा मागे फिरतो. पोर्सेलीन फार उच्च तापमानाला भाजतात. त्यातील फेल्डस्पार वितळून छिद्रे भरून काढतो आणि प्रकाशाला वाट मिळते.

दुसरा प्रश्न आर्किमिडीजचा. बशी दोरीच्या जाळीत घालून ताणकाट्याला टांगली. हवेत ६०० ग्रॅम, पाण्यात ३५० ग्रॅम. म्हणजे घनता ६०० ÷ २५० = २.४. कठीण पोर्सेलीनला हा आकडा शोभतो. हाडांची राख घातलेल्या इंग्लिश बोन चायनाची घनता याहून थोडी जास्त असते. (तडा गेलेली किंवा सांधलेली बशी मात्र पाण्यात बुडवू नका. जुना डिंक सुटतो.)

येथवर मुलीचा चेहरा खुलला होता. मग भिंग घेतले. फुलांत छापील ठिपके नव्हते, कुंचल्याचे फटकारे होते. काम हाताचे! आता तलवारी.

कोबाल्टचा निळा रंग सुमारे १४०० अंश सेल्सिअसची भट्टी सोसतो. म्हणून मायसेनमध्ये, आरंभीचे काही अपवाद सोडले तर, खूण आधी काढत आणि तिच्यावर काचेची झिलई चढवत. सोने आणि बहुतेक इतर रंग त्या उष्णतेत टिकत नाहीत. ते झिलईवर लावून सुमारे ८०० अंशांना पुन्हा भाजतात. तेव्हा खऱ्या तलवारी झिलईखाली, फुले झिलईवर, असा क्रम हवा. या बशीतल्या तलवारी नखाला लागत होत्या! तिरपा उजेड टाकला तर त्यांच्याखाली एक निस्तेज, किंचित खोलगट ठिगळ दिसले. कोणीतरी मूळ खूण घासून काढली होती आणि तिच्या जागी तलवारी रंगवल्या होत्या.

बशीचे वय मात्र यावरून ठरत नाही. त्यासाठी हिरव्या पानांचे क्ष-किरणांनी परीक्षण करता येते. क्रोमिअमचा शोध १७९७ सालचा. त्याच्या संयुगाचा हिरवा रंग सापडला, तर चित्रकाम १७५० चे असणे शक्य नाही. आमच्याजवळ ते उपकरण नव्हते.

"मग किंमत?" तिने हळूच विचारले. तडा नाही, सोने फारसे झिजलेले नाही, चित्रकाम हाताचे. एवढे असले की गिऱ्हाईक मिळते, पण मायसेनच्या किमतीला नव्हे. त्यातून घासलेली खूण जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. मी तिला सांगितले, अशा बशा लिलावात खरोखर किती रुपयांना गेल्या ते पाहा. दुकानदाराने चिठ्ठीवर लिहिलेला आकडा धरू नका. आणि विकायची झाल्यास ते ठिगळ गिऱ्हाइकाला आधी दाखवा.

आठवड्याने ती पुन्हा भेटली. फीसाठी आजीने पतपेढीतून कर्ज काढले होते. बशी कपाटात परत गेली होती. नाताळात करंज्या ठेवायला ती लागते.