माणसं कमी, लग्न पक्कं
एप्रिल २०२१च्या अखेरीस करोनामुळे महाराष्ट्रात लग्नाला मुभा होती २५ माणसांची, दोन तासांची. वसईतल्या कॅथलिक घरांत नुसती भावकीच एवढ्यात मावत नाही! विधीला मात्र वधू-वरांखेरीज अधिकार असलेले धर्मगुरू आणि दोन साक्षीदार पुरेत. दोघांपैकी एक परदेशात अडकला तर व्हिडिओ कॉल चालत नाही. लेखी अधिकारपत्रावर प्रतिनिधी उभा करता येतो (कॅथलिक चर्चची धर्मसंहिता, १९८३, कलम ११०५). सरकारी नोंदणीचा प्रश्न वेगळा. खरं नवल कलम १११६चं: धर्मगुरू महिनाभर तरी मिळणार नाहीत अशी चिन्हं असतील, तर नुसत्या दोन साक्षीदारांसमोरचं लग्नही वैध. तारीख पुढे ढकललेल्यांनी बाप्तिस्म्याचा दाखला पाहावा. सहसा तो सहा महिन्यांच्या आतला मागतात.