आंत्रशोथ, चिरकारी : ऊतक-दुरुस्तीचे प्रायोगिक औषधोपचार

आतड्याच्या भित्तीत दीर्घकाळ राहणाऱ्या शोथामुळे (दाहयुक्त सुजेमुळे) नष्ट झालेले ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) पुन्हा भरून यावे, या हेतूने योजलेले व अद्याप परीक्षणाखाली असलेले औषधोपचार. चिरकारी आंत्रशोथाचे दोन मुख्य प्रकार आहेत. सव्रण बृहदांत्रशोथ या प्रकारात विकृती गुदाशयापासून सुरू होऊन वर बृहदांत्रात (मोठ्या आतड्यात) पसरते व बहुधा श्लेष्मकलेपुरती (आतील बुळबुळीत अस्तरापुरती) मर्यादित राहते. क्रोन रोग मुखापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गाच्या कोणत्याही भागात उद्‌भवू शकतो आणि त्यात भित्तीचे सर्व थर ग्रासले जातात. बरिल बी. क्रोन, लिऑन गिंझबर्ग व गॉर्डन ऑपनहायमर या न्यूयॉर्क येथील वैद्यांनी १९३२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन्ही विकारांची मूळ कारणे पूर्णपणे उलगडलेली नाहीत. आनुवंशिक प्रवृत्ती, आतड्यातील सूक्ष्मजंतू, परिस्थितीजन्य घटक आणि प्रतिरक्षा यंत्रणेची अवाजवी प्रतिक्रिया यांचा त्यांत वाटा असतो.

नैसर्गिक दुरुस्ती : आतड्याचे सर्वांत आतील आवरण म्हणजे उपकला होय. ती एकमेकींना घट्ट चिकटलेल्या कोशिकांच्या अवघ्या एका थराची बनलेली असते. आतड्यातील असंख्य सूक्ष्मजंतू व शरीराचे अंतर्गत ऊतक यांच्यामधील ही सीमारेषा दर चार-पाच दिवसांनी नवी होते. भित्तीतील सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी असणाऱ्या मूल कोशिकांच्या विभाजनातून नव्या कोशिका तयार होतात व वर सरकत पृष्ठभागावर येतात. लहान जखम झाल्यास कडेच्या कोशिका प्रथम चपट्या होऊन पसरतात आणि काही तासांतच उघडा पडलेला भाग झाकतात. या पहिल्या टप्प्यात कोशिका-विभाजनाची गरज नसते. त्यानंतर विभाजनाने कोशिकांची संख्या वाढते आणि शेवटी त्यांना शोषण, श्लेष्मनिर्मिती इ. विशिष्ट कार्ये प्राप्त होतात. शोथ चिरकारी झाला म्हणजे हा क्रम विस्कळित होतो. व्रण खोल असल्यास पोकळी तंतुमय ऊतकाने भरली जाते. क्रोन रोगात त्यामुळे आतड्याचा मार्ग अरुंद होऊन अन्न अडते व पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणजेच व्रण भरून येणे आणि मूळचे ऊतक परत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शोथशमन व दुरुस्ती : मेसालामीन, स्टेरॉइडे आणि प्रतिरक्षा दाबणारी औषधे शोथ कमी करतात. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर या प्रथिनाला निष्प्रभ करणारे इन्फ्लिक्सिमॅब हे प्रतिपिंड १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोन रोगासाठी मान्य झाले. त्याच्या वापरानंतर अनेक रुग्णांत श्लेष्मकलेवरील व्रण नाहीसे झाल्याचे अंतर्दर्शकातून दिसू लागले. नॉर्वेतील रुग्णांच्या दीर्घ पाहणीत (२००७) सव्रण बृहदांत्रशोथाच्या ज्या रुग्णांची श्लेष्मकला एका वर्षात भरून आली होती, त्यांच्यावर पुढे बृहदांत्र काढून टाकण्याची वेळ कमी प्रमाणात आली. त्यामुळे केवळ जुलाब व वेदना थांबणे पुरेसे न मानता श्लेष्मकला भरून येणे हे उपचारांचे उद्दिष्ट मानले जाऊ लागले. तथापि ही सर्व औषधे दुरुस्ती अप्रत्यक्षपणे घडवितात. शोथाचा अडथळा ती दूर करतात व पुढचे काम शरीरावर सोपवितात. पुष्कळ रुग्णांत त्यांचा गुण येत नाही किंवा कालांतराने ओसरतो. म्हणून उपकलेलाच चालना देणाऱ्या औषधांचा शोध सुरू झाला.

वृद्धिघटक : कोशिकांच्या वाढीस उत्तेजन देणाऱ्या प्रथिनांना वृद्धिघटक म्हणतात. त्यांपैकी बाह्यत्वचा वृद्धिघटक हा स्टॅन्ली कोएन यांनी उंदराच्या लालाग्रंथींतून शोधून काढला (या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना रीता लेव्ही-मोंताल्चीनी यांच्यासमवेत १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले). सव्रण बृहदांत्रशोथाच्या २४ रुग्णांवरील एका चाचणीत (२००३) या घटकाची बस्ती (एनिमा) दोन आठवडे रोज देण्यात आली. सर्वांना तोंडाने मेसालामीनही दिले होते. वृद्धिघटक मिळालेल्या १२ पैकी १० रुग्णांत रोगशमन झाले, तर भासौषध (औषधी द्रव्य नसलेली, तशीच दिसणारी मात्रा) मिळालेल्या १२ पैकी केवळ एकात झाले. हा निष्कर्ष लक्षणीय असला, तरी रुग्णसंख्या अत्यल्प होती आणि या उपचाराला नेहमीच्या वापरात स्थान मिळाले नाही. रेपिफर्मिन हा दुसरा वृद्धिघटक त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निष्प्रभ ठरला. श्लेष्मासोबत स्रवणाऱ्या व जखमेच्या कडेच्या कोशिकांना सरकण्यास मदत करणाऱ्या ट्रेफॉइल प्रथिनाच्या बस्तीनेही २००५ मधील एका लहान चाचणीत मेसालामीनपेक्षा अधिक लाभ झाला नाही.

आंत्र-हॉर्मोन : ग्लुकागॉनसदृश पेप्टाइड-२ हे ३३ ॲमिनो अम्लांचे हॉर्मोन उपकलेची वाढ घडविते, असे डॅनिएल ड्रकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखविले. रक्तातील एक एंझाइम त्याचे लवकर विघटन करते. म्हणून एक ॲमिनो अम्ल बदलून टेडुग्लुटाइड हे अधिक टिकाऊ औषध तयार करण्यात आले. आतड्याचा मोठा भाग कापून काढावा लागल्याने पोषण अपुरे पडणाऱ्या रुग्णांसाठी ते २०१२ मध्ये मान्य झाले. अशा रुग्णांत क्रोन रोगाचे अनेक रुग्ण असतात. प्रत्यक्ष क्रोन रोगावरील चाचणीत मात्र त्याचा निर्णायक लाभ सिद्ध झाला नाही. या औषधाने असलेल्या अर्बुदाची (गाठीची) वाढही वेगाने होण्याचा संभव असल्याने ते सुरू करण्यापूर्वी बृहदांत्राची अंतर्दर्शकाने तपासणी करणे आवश्यक असते. दीर्घकालीन बृहदांत्रशोथात कर्करोगाचा धोका मुळातच वाढलेला असतो. त्यामुळे कोशिकांच्या वाढीला उत्तेजन देणाऱ्या प्रत्येक उपचारापुढे हा प्रश्न उभा राहतो.

इतर रासायनिक मार्ग : इंटरल्यूकिन-२२ हे प्रतिरक्षा कोशिकांपासून निघणारे, पण मुख्यतः उपकलेवर कार्य करणारे प्रथिन आहे. त्याच्यापासून बनविलेले एफमारोडोकोकिन आल्फा हे औषध सव्रण बृहदांत्रशोथावरील दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत भासौषधापेक्षा सरस ठरले नाही. प्रोस्टाग्लँडिन-ई२ हे द्रव्य ऊतकाच्या पुनर्निर्मितीला साहाय्य करते. त्याचे विघटन करणारे एंझाइम रोखले असता उंदरांत बृहदांत्राची इजा लवकर भरून येते, असे २०१५ मध्ये आढळले. मानवी रोगात त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

कोशिका-उपचार : क्रोन रोगात गुदद्वाराभोवती होणाऱ्या नाडीव्रणांत (भगंदरांत) मेदापासून मिळविलेल्या मूल कोशिका टोचण्याचा उपचार दार्व्हाडस्ट्रोसेल या नावाने २०१८ मध्ये युरोपात मान्य झाला. त्याआधीच्या चाचणीत २४ आठवड्यांनी सु. ५० टक्के रुग्णांत रोगशमन झाले होते. भासौषधाच्या गटात हे प्रमाण सु. ३४ टक्के होते. नंतरच्या मोठ्या चाचणीत (२०२३) हा फरक टिकला नाही व २०२४ मध्ये हा उपचार युरोपच्या बाजारातून मागे घेण्यात आला. दुसरा मार्ग उपकलेच्या कोशिकाच नव्याने बसविण्याचा आहे. हान्स क्लेव्हर्स यांच्या नेदर्लंड्समधील प्रयोगशाळेने २००७ मध्ये आतड्यातील मूल कोशिका ओळखण्याची खूण शोधली आणि २००९ मध्ये एकेका मूल कोशिकेपासून काचपात्रात उपकलेची लघुप्रतिकृती वाढविली. २०२२ मध्ये टोकिओ येथे सव्रण बृहदांत्रशोथाच्या एका रुग्णाच्या आतड्यात त्याच्याच कोशिकांपासून वाढविलेल्या अशा प्रतिकृतीचे रोपण करण्यात आले.

अपयशाची कारणे : प्रयोगशाळेतील यश रुग्णांत क्वचितच का उतरते, याचे एक कारण प्रयोगाच्या पद्धतीत आहे. उंदरांना पाण्यातून डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम देऊन बृहदांत्रशोथ निर्माण करतात. हे रसायन बंद केल्यावर निरोगी प्राण्याची उपकला आपोआप भरून येते व औषध तो काळ केवळ कमी करते. मानवी रोगात इजेचे कारण चालूच असते. शिवाय प्रथिनरूप औषधांचे आतड्यातील एंझाइमांमुळे विघटन होते आणि शोथ चालू असता दुरुस्तीचे संकेत दबतात. भासौषध घेणाऱ्या काही रुग्णांनाही गुण येत असल्याने लहान चाचण्यांचे निष्कर्ष फसवे ठरू शकतात. यावरून शोथशामक व दुरुस्तीकारक औषधे एकत्र देण्याचा विचार पुढे आला आहे.

सावधगिरी : उंदीर-घुशींवरील प्रयोगांच्या आधारे काही द्रव्ये ऊतक भरून काढणारी म्हणून मान्यतेविना विकली जातात. बीपीसी-१५७ हे १५ ॲमिनो अम्लांचे कृत्रिम पेप्टाइड त्यांपैकी एक होय. आंत्रशोथाच्या रुग्णांतील त्याचा उपयोग मोठ्या नियंत्रित चाचण्यांनी सिद्ध झालेला नाही. अशा द्रव्यांवर विसंबून चालू औषधे सोडल्यास रोग उफाळून येतो व मधल्या काळात झालेली तंतुमय विकृती पुढे कोणत्याही औषधाने पूर्ववत होत नाही. भारतात आणखी एक काळजी घ्यावी लागते. आतड्याचा क्षयरोग व क्रोन रोग यांची लक्षणे, तसेच अंतर्दर्शकातून दिसणारे व्रण बरेचसे सारखे असतात. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरविरोधी औषधांनी शरीरातील सुप्त क्षयरोग जागृत होऊ शकतो. म्हणून ती देण्यापूर्वी क्षयरोग नसल्याची खात्री करून घ्यावी लागते. [⟶ क्षयरोग].

ज्यांना केवळ उपकला-दुरुस्तीचे औषध म्हणता येईल, असे एकही औषध दोन्ही विकारांच्या नेहमीच्या उपचारांत अद्याप समाविष्ट झालेले नाही. शोथ लवकर ओळखणे, तो वेळीच आटोक्यात आणणे आणि श्लेष्मकला भरून आल्याची अंतर्दर्शकाने खात्री करून घेणे हाच सध्या ऊतक वाचविण्याचा सर्वांत विश्वसनीय मार्ग आहे.